२०३ मोठे की २०२? क्वार्टरबॅकची तुलना करताना आकड्यांत काय पाहावे

तुमच्या घरातला वाद थोडक्यात असा. मुलाचं म्हणणं, अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे संघासाठी पास फेकणारा मुख्य खेळाडू म्हणून, अलाबामाच्या मॅक जोन्सचा २०२०चा हंगाम लुईझियाना स्टेटच्या, म्हणजे एलएसयूच्या, जो बरोच्या २०१९च्या हंगामापेक्षा सरस. कारण जोन्सचं पासर रेटिंग २०३.१ आणि बरोचं २०२.०. तुमचं म्हणणं, जे रेटिंग पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गाजलेल्या पॅट्रिक महोम्ससारख्याला १५७ वर बसवतं त्याला काय अर्थ? आणि दोघांचा मिळून प्रश्न, की मग तुलना करायची कशावर.

मी बरीच वर्षं कॉलेज फुटबॉलच्या प्ले-बाय-प्ले, म्हणजे एकेका डावाच्या, नोंदींवर काम करतो (इथे डाव म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक खेळी). पहिल्या दोन्ही मुद्द्यांवर माझं उत्तर 'नाही' असं आहे. जोन्स १.१ गुणांनी पुढे आहे म्हणून सरस ठरत नाही, आणि महोम्स १५७ वर आहे म्हणून रेटिंग टाकाऊ ठरत नाही. त्या आकड्याला नेमकं काय विचारलंय आणि आपण त्याच्याकडून काय वदवून घेतोय, यात गफलत होते.

आधी सूत्र उलगडून पाहू, कारण ते न पाहताच लोक भांडतात. एनसीएए ही कॉलेज खेळांची संस्था हे रेटिंग १९७९ पासून वापरते. पासांतून मिळालेले यार्ड गुणिले ८.४, टचडाउन पास (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोचवून गुण मिळवून देणारे) गुणिले ३३०, झेलले गेलेले पास गुणिले १००, यांची बेरीज करायची. प्रत्येक इंटरसेप्शनमागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या पासामागे, २०० वजा करायचे. आलेल्या आकड्याला एकूण फेकलेल्या पासांनी भागायचं. १९६५ ते १९७८ या काळातल्या सरासरी कामगिरीला १०० गुण पडावेत अशा बेताने हे गुणक ठरवले होते. आज मोठ्या कॉलेजांची सरासरी १३० च्या आसपास असते.

बरोने २०१९ मध्ये ५२७ पास फेकले, ४०२ झेलले गेले, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. म्हणजे ४७,६३६ अधिक १९,८०० अधिक ४०,२००, वजा १,२००, झाले १,०६,४३६. भागिले ५२७, उत्तर २०१.९७. जोन्सचे ४०२ पास, ३११ झेल, ४,५०० यार्ड, ४१ टचडाउन, ४ इंटरसेप्शन. बेरीज ८१,६३०, भागिले ४०२, उत्तर २०३.०६.

आता जोन्सच्या त्या ४१ टचडाउनपैकी एक घ्या. समजा झेल घेणारा रिसीव्हर शेवटच्या पांढऱ्या रेषेच्या एक यार्ड अलीकडे पाडला गेला आणि पुढच्या डावात रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, तो आत नेला. संघाचे गुण तेवढेच, सामन्याचा निकाल तोच, जोन्सची फेक तीच. पण त्याच्या खात्यातून ३३० अधिक ८.४ गेले. असं एकदा झालं तर रेटिंग २०२.२. दोनदा झालं तर २०१.४, आणि जोन्स बरोच्या मागे. अख्ख्या हंगामात दोन रिसीव्हरचा पाय एक यार्ड आधी घसरला असता तर मुलाने उलट बाजूने वाद घातला असता.

याच गोष्टीला संख्याशास्त्रात नमुन्याची अनिश्चितता म्हणतात. एकेका पासाचं मोल वजा दोनशेपासून हजाराच्याही वर कुठेही जातं, त्यामुळे चारशे-पाचशे पासांच्या हंगामात रेटिंग निव्वळ योगायोगाने आठ-दहा गुण इकडेतिकडे होऊ शकतं. माझा ढोबळ नियम असा: दोन हंगामांत दहापेक्षा कमी फरक असेल तर रेटिंगपुरती बरोबरी समजायची. पंधरा-वीसचा फरक दिसला की कारण शोधायला लागायचं. २०३ आणि २०२ मध्ये शोधण्यासारखं काहीच नाही.

सूत्राचे गुणक बारकाईने पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. ३३० ला ८.४ ने भागलं की ३९ येतात. म्हणजे टचडाउनची किंमत ३९ यार्ड. इंटरसेप्शनचा दंड २०० भागिले ८.४, म्हणजे २४ यार्ड. आणि नुसत्या झेलाचं बक्षीस १२ यार्ड. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात देण्याची शिक्षा टचडाउनच्या बक्षिसापेक्षा कितीतरी हलकी! शून्य यार्डांचे पास फेकत राहणारा आणि ते सगळे झेलले जाणारा क्वार्टरबॅक संघाला एक इंचही पुढे नेत नाही, पण त्याचं रेटिंग बरोबर १०० येतं. १९९० मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या टाय डेटमरने ५,१८८ यार्ड आणि ४१ टचडाउन केले, सोबत २८ इंटरसेप्शनही दिले. रेटिंग १५५.९ आलं आणि त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, त्यालाच मिळाली. आज २८ इंटरसेप्शन देणाऱ्याला हंगाम पुरा करू देणारा प्रशिक्षक मला तरी माहीत नाही.

म्हणून मी समायोजित यार्ड प्रति पास हे माप आधी पाहतो. त्यात यार्डांमध्ये प्रत्येक टचडाउनमागे २० मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनमागे ४५ वजा करायचे आणि पासांनी भागायचं. कागद-पेन्सिलीने होतं, आणि सामन्यात जे खरंच महाग पडतं त्याला महाग धरतं. या मापाने बरो १२.५ आणि जोन्स १२.८. तेव्हा मुलाच्या बाजूने हेही सांगायला हवं, की माप बदलून जोन्स खाली येत नाही. दोघं एकाच मजल्यावर आहेत.

एक सूचना जाता जाता. कॉलेजचं रेटिंग आणि एनएफएलचं रेटिंग यांची सूत्रं वेगळी. एनएफएलमध्ये कमाल १५८.३, त्यापुढे जाताच येत नाही. त्यामुळे महोम्सचे कॉलेजचे १५७ पाहून 'जवळजवळ परिपूर्ण' असं कुणी म्हणालं, तर त्याने एकाची टोपी दुसऱ्याला घातली आहे.

आता महोम्सकडे. २०१६ मध्ये टेक्सस टेककडून ५९१ पास, ३८८ झेल, ५,०५२ यार्ड, ४१ टचडाउन, १० इंटरसेप्शन. रेटिंग १५७.०. संघ ५ जिंकला, ७ हरला. या हंगामातला एक सामना मी नव्या लोकांना नेहमी उघडून दाखवतो: २२ ऑक्टोबर २०१६, टेक्सस टेकचं गाव लबक, ओक्लाहोमा ६६, टेक्सस टेक ५९. एका बाजूला महोम्स, दुसऱ्या बाजूला बेकर मेफील्ड, जो २०१३ मध्ये स्वतः टेक्सस टेककडून खेळून मग ओक्लाहोमाला गेला होता. महोम्सने त्या रात्री ८८ पास फेकले, ५२ झेलले गेले, ७३४ यार्ड मिळाले. एका सामन्यातल्या पासिंग यार्डांच्या विक्रमाची ती बरोबरी होती. वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने २०१४ मध्ये तेवढेच केले होते. धावून मिळवलेले धरले तर महोम्सचे एकट्याचे ८१९. मेफील्डने ३६ पास फेकले, २७ झेलले गेले, ५४५ यार्ड, ७ टचडाउन.

वर्तमानपत्राचा मथळा ७३४ ने भरतो. प्रति पास पाहिलं तर मेफील्ड १५.१ यार्ड, महोम्स ८.३. मग मेफील्ड दुप्पट चांगला खेळला का? नोंदी उघडा. ओक्लाहोमाचा रनिंग बॅक जो मिक्सन त्या रात्री २६३ यार्ड धावला. बचाव करणाऱ्यांना धावण्याची धास्ती, म्हणून ते पुढे सरकलेले, आणि मागे रान मोकळं. अशा वेळी मेफील्डने पास टाकला की समोर एकास एक. महोम्सच्या संघाला धावून फारसं काही मिळत नव्हतं आणि त्याच्या संघाचा बचाव त्या वर्षी देशातल्या सर्वांत दुबळ्या बचावांपैकी एक होता. बहुतेक वेळा मैदानात उतरायचं ते पिछाडी भरून काढायलाच. पुढचा डाव पासचाच असणार हे प्रेक्षकांनाही ठाऊक. त्या अवस्थेत ८८ वेळा फेकून प्रति पास ८.३ यार्ड काढणं हे मेफील्डच्या १५.१ पेक्षा सोपं होतं असं मला तरी म्हणवत नाही. मजा म्हणजे दोन्ही संघांचे एकूण यार्ड अगदी सारखे, ८५४ आणि ८५४.

पण टेक्सस टेकच्या आकड्यांकडे पाहताना उलटा चष्माही लावावा लागतो. तिथे माइक लीच २००० ते २००९ प्रशिक्षक होते आणि 'एअर रेड' नावाची पद्धत चालवत. रिसीव्हर मैदानभर पसरवायचे, मोजकेच डाव इतके घोटायचे की झोपेतही चुकू नयेत, आणि बहुतेक वेळा पासच फेकायचा. २००२ मध्ये क्लिफ किंग्सबरीने ५,०१७ यार्ड फेकले. तो गेला. २००३ मध्ये बी. जे. सिमन्सने ५,८३३. तोही गेला. २००४ मध्ये सनी कम्बीने ४,७४२, २००५ मध्ये कोडी हॉजेसने ४,२३८. शेवटचे तिघे एकेकच वर्ष मुख्य क्वार्टरबॅक होते आणि एनएफएलमध्ये तिघांपैकी कुणीही रुजला नाही. माणूस बदलला आणि आकडे फारसे हलले नाहीत, तर त्या आकड्यांचं मोठं श्रेय पद्धतीचं. २०१६ मध्ये महोम्सचा मुख्य प्रशिक्षक हाच किंग्सबरी होता. म्हणजे महोम्सचे ५,०५२ यार्ड पाहून एनएफएलच्या संघांनी नाक मुरडलं ते अगदी अकारण नव्हतं. एनएफएलच्या कॅन्सस सिटी संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, वर सरकून त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं ते यार्ड पाहून नव्हे. डाव मोडल्यावर, चौकटीबाहेर पळताना, तिरप्या हाताने तो काय करतो हे पाहून. ते कुठल्याच सूत्रात बसत नाही.

पद्धत माणसाबरोबर प्रवासही करते. बेली झॅपी २०२१ मध्ये छोट्या ह्यूस्टन बॅप्टिस्टमधून वेस्टर्न केंटकीला आला, तेव्हा डाव आखणारा प्रशिक्षक झॅक किटली आणि आवडता रिसीव्हर जेरेथ स्टर्न्स हेही आले. झॅपीने ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन केले, दोन्ही एका हंगामाचे विक्रम. सिमन्सचे यार्ड आणि बरोचे ६० टचडाउन एकाच वर्षी मागे पडले. मग झॅपी बरोच्या वर? पास ६८६ होते. रेटिंग १६८.९, समायोजित यार्ड प्रति पास ९.८. बरोपेक्षा १५९ पास जास्त फेकून यार्ड ३०० नेसुद्धा वाढले नाहीत. एकूण बेरजा या बहुतांशी किती वेळा फेकलं याच्या नोंदी असतात, त्यामुळे बेरजेच्या यादीत पहिला कोण हा प्रश्न मी सहसा बाजूलाच ठेवतो.

रेटिंग ज्याकडे साफ डोळेझाक करतं ती गोष्ट म्हणजे क्वार्टरबॅकचं धावणं. ऑबर्नच्या कॅम न्यूटनचं २०१० चं रेटिंग १८२.०. उत्तम. पण त्या वर्षी त्याने २८० पास फेकले आणि २६४ वेळा चेंडू घेऊन धावला, १,४७३ यार्ड आणि २० टचडाउन. म्हणजे त्याने स्वतः खेळलेल्या डावांपैकी जवळजवळ निम्मे रेटिंगने पाहिलेच नाहीत. २०१८ मध्ये अलाबामाच्या टुआ टॅगोवायलोआचं रेटिंग १९९.४ आणि ओक्लाहोमाच्या काइलर मरेचं १९९.२. रेटिंगवर बरोबरी. मरेच्या बाजूला धावून आणखी १,००१ यार्ड आणि १२ टचडाउन, टुआकडे १९० यार्ड आणि ५ टचडाउन. हाइजमन मरेला मिळाली, आणि आकड्यांपुरतं बोलायचं तर रास्तच मिळाली. टुआच्या बाजूने एक गोष्ट: अलाबामा इतक्या मोठ्या फरकाने जिंकत होती की चौथ्या क्वार्टरमध्ये तो बहुतेक वेळा बाकावर बसलेला असे. त्याच्या बेरजा त्यामुळे खुज्या दिसतात, प्रति पास आकडे दिसत नाहीत. दोघे उपांत्य सामन्यात समोरासमोर आले तेव्हा टुआने २७ पैकी २४ पास पुरे केले, ३१८ यार्ड, ४ टचडाउन, आणि अलाबामा ४५-३४ अशी जिंकली. एका सामन्यावर हंगामाचा निवाडा करू नये हे खरं, पण २७ पैकी २४ हे विसरताही येत नाही.

सॅकचा हिशेब तर कॉलेजात वेगळाच ठेवतात. सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. एनएफएलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून वजा होतात. कॉलेजात ते क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. परिणाम असा की धोका दिसताच चेंडू मैदानाबाहेर भिरकावणाऱ्या शहाण्याला एक चुकलेला पास लागतो आणि रेटिंग उतरतं. चेंडू कवटाळून नऊ यार्ड मागे आडवा होणाऱ्याचं रेटिंग मात्र जसंच्या तसं. म्हणून तुलना करताना मी सॅक पासांमध्ये मिळवतो आणि सॅकचे यार्ड पासिंगच्या यार्डांतून वजा करतो. हे एवढं केलं तरी काही चकचकीत नावं चार-पाच जागा खाली घसरतात.

आणखी एक गोष्ट एकेका पासाच्या पातळीवरच दिसते. क्वार्टरबॅक रेषेच्या मागेच उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे बाजूला हलकासा चेंडू देतो, त्याला स्क्रीन पास म्हणतात. रिसीव्हर चार जणांना चकवून ७० यार्ड धावतो, टचडाउन. क्वार्टरबॅकच्या खात्यात ५८८ अधिक ३३० अधिक १००, म्हणजे १,०१८ गुण. पुढच्या सामन्यात तोच क्वार्टरबॅक अंगावर धावून येणाऱ्या दोघांना चुकवत ४० यार्डांवर नेमका रिसीव्हरच्या तळहातावर चेंडू ठेवतो, आणि रिसीव्हर सोडतो. शून्य. तोच चेंडू त्याच्या हातावरून उडून प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, तर वजा २००. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी निदान त्याच्या एकट्याच्या बॅटची असते. इथे फेकणारा एक, झेलणारा दुसरा, आणि फेकायला अडीच सेकंद मिळवून देणारे पाच धटिंगण तिसरे. नाव मात्र एकाचंच लागतं.

आणि इथेच बरोचा हंगाम मला सर्वांत बोलका वाटतो. एलएसयूत २०१८ चा बरो पाहा: ३७९ पास, २१९ झेल, म्हणजे ५७.८ टक्के; २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. रेटिंग १३३.२. त्या वर्षी तुमच्या मुलाने त्याचं नावही घेतलं नसतं. पुढच्या वर्षी तोच माणूस, तोच हात, ७६.३ टक्के आणि २०२.०. एका वर्षात जवळजवळ ६९ गुणांची उडी. ही योगायोगाची हेलकावणी नव्हे, हिच्यामागे कारणं आहेत. एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी पासिंगचं काम पाहायला आला आणि डावांची आखणीच बदलली. जस्टिन जेफरसनने १११ झेल घेतले, १,५४० यार्ड, १८ टचडाउन; जमार चेसने ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन. ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या त्या पाच जणांना, त्या वर्षी देशातली सर्वोत्तम लाइन म्हणून जो मूर पुरस्कार मिळाला. शिवाय नव्या संघातलं बरोचं ते दुसरं वर्ष; ओहायो स्टेटमधून तो २०१८ मध्येच आला होता.

म्हणजे श्रेय वाटून द्यायचं तर जोन्सलाच का लागू करायचं? बरोलाही लागू होतं. जोन्सकडे डेव्हॉन्टा स्मिथ होता, ११७ झेल, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन. त्या वर्षीची हाइजमन क्वार्टरबॅकला न मिळता स्मिथला मिळाली. अलाबामाच्या लाइनलाही २०२० चा जो मूर पुरस्कार मिळाला. डाव आखायला स्टीव्ह सार्किसियन. दोघंही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे नव्हते, पण दोघांच्या हातात पीठ मात्र उत्तम होतं.

तरी मी बरोला वर ठेवतो, आणि त्याची कारणं सांगतो. पहिलं म्हणजे, त्याने तीच कार्यक्षमता १२५ पास जास्त फेकून टिकवली. साधारणपणे फेकणं वाढलं की प्रति पास कमाई घटते, कारण सोपे पास आधीच वापरून झालेले असतात. जोन्सच्या मागे नाजी हॅरिससारखा रनिंग बॅक होता आणि अलाबामा पुष्कळदा निवांत धावून सामना संपवू शकत होती. दुसरं, बरोचं धावणं. सॅकचे यार्ड वजा जाऊनही ३६८ यार्ड आणि ५ टचडाउन. जोन्सचं धावणं नावापुरतं. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येकाला डाउन म्हणतात; दहा पुरे झाले की पुन्हा पहिला डाउन. डाव फसल्यावर स्वतःच्या पायांनी पहिला डाउन काढणारा क्वार्टरबॅक बचाव करणाऱ्यांची झोप उडवतो, ते रेटिंगमध्ये दिसत नाही.

तिसरं, प्रतिस्पर्धी. इथे मुलाचा युक्तिवाद बळकट आहे, तो त्याने मांडला का माहीत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे एसईसी या कॉन्फरन्सने, म्हणजे हे संघ ज्यात खेळतात त्या गटाने, फक्त आपसातले दहा सामने ठेवले, त्यामुळे जोन्सला एकही लिंबूटिंबू संघ मिळाला नाही. बरोच्या १५ सामन्यांत जॉर्जिया सदर्न, नॉर्थवेस्टर्न स्टेट, युटा स्टेट हे होते. पण त्याच १५ मध्ये टेक्सस, फ्लोरिडा, ऑबर्न, अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा आणि क्लेमसनही होते, सातही सामन्याच्या वेळी देशातल्या पहिल्या दहांत. जॉर्जियाचा बचाव त्या वर्षी सर्वांत कमी गुण देणारा. बरोने त्याच्यावर ३८ पैकी २८ पास, ३४९ यार्ड आणि ४ टचडाउन केले. ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच ७ टचडाउन. अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध ४६३ यार्ड, ५ टचडाउन. लिंबूटिंबूंचे सामने काढून टाकले तरी बरो फारसा खाली येत नाही, हे मला निर्णायक वाटतं. अपवाद एकच, ऑबर्न. त्यांनी पुढे मोजकेच तिघे ठेवून मागे माणसं वाढवली आणि बरोला एका टचडाउन पासावर रोखलं. एलएसयू २३-२० अशी कशीबशी निसटली. बरोची खरी परीक्षा पाहायची असेल तर ओक्लाहोमाचा सामना सोडून हा पाहा.

वेगवेगळ्या काळांची तुलना निघाली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बाकी तपशिलात जाऊ नका. २००२ च्या आधी बोल सामन्यांचे, म्हणजे हंगामानंतरच्या मोठ्या सामन्यांचे, आकडे एनसीएएच्या नोंदीत धरतच नसत; डेटमरच्या वरच्या आकड्यांत हंगामाअखेरचा टेक्सस ए अँड एमविरुद्धचा ६५-१४ असा दणदणीत पराभव नाही. आणि २०२३ पासून पहिल्या डाउननंतर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं सोडून. त्यामुळे सामन्यातले डावच थोडे कमी झाले. तरीही त्याच २०२३ मध्ये एलएसयूच्या जेडन डॅनियल्सने २०८.० असं विक्रमी रेटिंग काढलं, ३२७ पास, ३,८१२ यार्ड, ४० टचडाउन, ४ इंटरसेप्शन, वर १,१३४ यार्ड धावून. बरो-जोन्सच्या वादात तिसरा पक्ष हवा असेल तर तो हा. समायोजित यार्ड प्रति पास १३.६. अर्थात तो कॉलेजातल्या पाचव्या वर्षी, आणि त्याचे दोन रिसीव्हर पुढे पहिल्याच फेरीत निवडले गेले. २०२१ मध्ये ॲरिझोना स्टेटकडून याच डॅनियल्सचे १० टचडाउन आणि १० इंटरसेप्शन होते.

'मग कॉलेजच्या आकड्यांवरून एनएफएलमध्ये कोण चालेल हे कळतं का?' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण महोम्सचं नाव काढलंत म्हणजे मनात तेच आहे. हा प्रश्न वेगळा आणि फार अवघड. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. शेवटच्या कॉलेज हंगामाच्या रेटिंगने सर्वांत वर मेफील्ड, १९८.९, सर्वांत खाली वायोमिंगचा जॉश ॲलन, १२७.८, पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५६.३ टक्के. पुढे ॲलन एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यावरून आकडे निरुपयोगी असा निष्कर्ष बरेच जण काढतात, तो मला मान्य नाही. एका ॲलनमागे ५६ टक्क्यांवरचे कितीतरी क्वार्टरबॅक असतात ज्यांचं पुढे काहीच झालं नाही. त्यांची नावं आठवत नाहीत म्हणून ते मोजले जात नाहीत. ॲलनच्या बाबतीतही एक खूण होती. २०१६ मध्ये त्याचं रेटिंग १४४.९ होतं, मग रनिंग बॅक, मुख्य रिसीव्हर आणि सेंटर (लाइनच्या मधला, क्वार्टरबॅकला चेंडू देणारा) हे तिघंही निघून गेले आणि पुढच्या वर्षी रेटिंग १७ गुणांनी उतरलं. आजूबाजूचे गेल्यावर जेवढं पडलं तेवढं सगळं त्याच्या माथी मारायचं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोणते आकडे पाहायचे. मुलाला प्रोग्रामिंग येत असेल तर त्याला प्ले-बाय-प्ले नोंदी घेऊ द्या. कॉलेज फुटबॉलच्या त्या विनामूल्य मिळतात. पहिली गोष्ट म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनपेक्षा जास्त फरक असताना खेळलेले डाव काढून टाकायचे. मग प्रत्येक डाव यशस्वी की अयशस्वी हे ठरवायचं: पहिल्या डाउनवर लागणाऱ्या अंतराचा निम्मा भाग, दुसऱ्यावर सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण अंतर मिळालं तरच यश. तिसरा डाउन, १२ यार्ड हवेत, आणि क्वार्टरबॅकने ९ यार्डांचा पास दिला; रेटिंगमध्ये याला १७५.६ गुण पडतात, प्रत्यक्षात संघ चेंडू लाथाडून परत देतो. तिसऱ्या डाउनवर सात किंवा जास्त यार्ड हवे असताना कोण किती वेळा यशस्वी होतो ही यादी रेटिंगच्या यादीपेक्षा बरीच वेगळी निघते. त्यानंतर सॅक आणि धावणं मिळवा, आणि शेवटी प्रत्येक सामना त्या प्रतिस्पर्ध्याने इतरांना सरासरी किती यार्ड दिले याच्याशी ताडून पाहा. अपेक्षित गुणांवर आधारलेलं ईपीए हे माप हेच काम जास्त नेटकेपणाने करतं, पण आधी हाताने एकदा करून पाहिलं की ईपीए काय म्हणतंय ते कळतं.

प्रोग्रामिंग येत नसेल तर एवढंच: समायोजित यार्ड प्रति पास, सॅक धरून, पहिल्या पंचवीस क्रमांकांतल्या संघांविरुद्धचे आकडे वेगळे, आणि आदल्या वर्षी त्याच संघात, त्याच प्रशिक्षकाकडे दुसऱ्या क्वार्टरबॅकने काय केलं होतं. हंगामाच्या पहिल्या तीन-चार सामन्यांनंतर जी क्रमवारी दिसते ती वहीत लिहूसुद्धा नका. तेव्हा निम्म्या संघांनी फक्त लिंबूटिंबू झोडपलेले असतात आणि कुणाचंही रेटिंग २२० दिसू शकतं.